जक्कूरच्या नावाची हाक

दिवा जरा अलीकडे सरकव. हां... तर त्या दुपारी मी फक्त एक अंगरखा पोचवायला निघालो होतो.

आमचं घराणं याजकांचं. मुलगा तीस वर्षांचा झाला की न्हाऊन, तागाचा पांढरा अंगरखा घालून यरुशलेमच्या मंदिरात सेवेला लागायचा. बाबेलच्या राजानं आम्हाला इथं धरून आणलं, मंदिर तिकडेच राहिलं. रीत मात्र सुटली नाही. मुलानं कालव्यात न्हायचं, अंगरखा घालायचा आणि यरुशलेमकडे तोंड करून उभं राहायचं. देव हाक मारील तर तेव्हाच, असं सगळे म्हणत. दोन वर्षांपूर्वी मीही उभा राहिलो होतो. बेडूक ओरडले, बाकी काही नाही.

आता धाकट्याची, जक्कूरची पाळी होती. आईनं त्याच्यासाठी नवा अंगरखा विणला होता. मला मामाचा जुनाच मिळाला होता.

"यिग्दल, एवढा देऊन ये. आणि तोंड पाडून जाऊ नकोस," आई म्हणाली. "माझ्या जक्कूरला हाक येणार बघ."

माझा जक्कूर! मग मी कुणाचा? जळलो मी, कशाला लपवू?

कालव्यावर जक्कूर पाण्यात होता. "आलोच रे दादा!" म्हणाला आणि पुन्हा बुडी मारली. तेवढ्यात उत्तरेकडून वारा सुटला. भर दुपारी झाकोळून आलं. बेडूक एकदम गप्प झाले. जळत्या चरबीचा वास आला... वेदीवरच्या होमाचा. आणि वेदी तर आसपास कुठेच नव्हती.

"जक्कूर..."

अगदी कानाशी. मी वळून पाहिलं, कुणी नाही.

पाण्याखाली त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी घाईघाईनं अंगरखा डोक्यातून घातला.

"हा मी," मी म्हणालो.

मग...

"जक्कूर, तुझ्या भावाला सांग. यिग्दलला म्हणावं, जळू नकोस. उद्या दुपारी त्याला बोलावणार आहे."

भाऊ पाण्यातून वर आला आणि मला न्याहाळत राहिला.

"शोभतोय हो तुला, जक्कूर. चल, आई वाट बघत असेल."

"थट्टा पुरे! अरे, मी यिग्दल..."

तो हसला नाही.

घरी आईनं मला कवटाळलं. "माझा जक्कूर!" आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "यिग्दल, तू जरा बाहेर बस." ज्या मायेसाठी जन्मभर जीव टाकला ती मिळाली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दुपारी मी धावतच कालव्यावर गेलो. तो मागून आला, सावकाश. वारा सुटला.

"यिग्दल..."

मी तोंड उघडलं. जीभ हलली, पण आवाज फुटेना.

"हा मी," माझ्या मागून उत्तर गेलं. आवाज माझाच होता.