पाना किती उंचावरून पडला?

विमानाच्या पंखावर साधा ओरखडाही नव्हता. तरी तन्मयी पुन्हा पुन्हा त्यावरून हात फिरवत होती.

अंटार्क्टिकावरच्या त्या संशोधन तळावर ती एकटीच लहान. बाकी सगळी मोठी माणसं आणि बर्फ; बोलायचं तरी कुणाशी? बाबा दूर किनाऱ्यालगतच्या जहाजावर कामाला होते. आज वैमानिकाशिवाय उडणारं छोटं विमान त्यांना घेऊन येणार होतं. हिवाळ्याआधीची ही शेवटची फेरी. ती चुकली की सहा महिने भेट नाही. आणि नेमका आज सकाळी, उत्साहाच्या भरात विमानाच्या तयारीला हातभार लावताना, तन्मयीच्या हातून जड पाना पंखावर पडला होता.

तळावरचे पदार्थशास्त्रज्ञ म्हणजे तिचे आजोबाच. त्यांना तिने सांगितलं खरं, पण हातचं राखून.

"खूण नाही, म्हणजे काही झालं नाही ना, आजोबा?"

"पत्रा असता तर पोचा दिसला असता. पण हा पंख संमिश्राचा (वेगवेगळे पदार्थ एकत्र करून बनवलेला) आहे. कार्बनच्या तंतूंचे थर आणि त्यांना चिकटवणारी राळ. मार बसला तरी वरून साळसूद दिसतो, आणि आत थर सुटलेले असतात! त्याला स्तरभंग (थरांची फारकत) म्हणतात."

"मग कापून बघायचा?"

"कापला तर उडेल कसा, शहाणे? आत डोकावणारं यंत्र जहाजावर राहिलंय. आपण संगणकात पंखाचं प्रतिरूप (आकड्यांनी केलेली नक्कल) करू. त्याचे लाखभर बारीक तुकडे मानायचे. तंतू किती ताण सोसतो, राळ केव्हा सुटते, हे मी प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. आता आकड्यांतला पाना टाकायचा आणि क्षणाक्षणाला कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते बघायचं. बोल, किती उंचावरून पडला?"

"वीतभर," तन्मयी पुटपुटली.

पडद्यावरचा पंख हिरवागार राहिला.

"सुटलो! जाऊ दे विमान," आजोबा हसले.

तन्मयीला मात्र हसू येईना. संगणकाने बिचाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता. आणि परतताना त्याच विमानात बाबा बसणार होते.

"थांबवा, आजोबा! वीतभर नाही. शिडीच्या वरच्या पायरीवरून पडला."

आजोबांनी आकडा बदलला. वरचा थर तसाच राहिला. खालच्या थरांमध्ये मात्र लाल डाग पसरत पसरत हातभर झाला.

"वजन घेऊन उडताना पंख इथे मोडला असता," ते हळूच म्हणाले. "आपण सांगू तेवढंच प्रतिरूपाला कळतं, तनू."

विमान थांबलं. रेडिओवर तिने बाबांना सगळं सांगितलं.

"वेडाबाई," खरखरीतून बाबांचा आवाज आला, "खरं बोललीस, म्हणून सहा महिन्यांनी भेटू तरी."

रेडिओ बंद झाला आणि तन्मयी ढसाढसा रडली. एवढं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. आजोबांनी तिला रडू दिलं, मग आपल्याशेजारी खुर्ची ओढली.

"हिवाळा सरेपर्यंत पंखाला ठिगळ लावावं लागेल. किती थरांचं पुरेल? चार?"

तिने नाक पुसलं.

"आठ घालून बघू," ती म्हणाली. "त्यात बाबा बसणार आहेत."