दोघांचा चुना

दिवा बारीक करायला सांगून मामा भिंतीला टेकले. जन्मभर सुतारकी केलेला माणूस. भाचे जवळ सरकले.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. नव्या वस्तुसंग्रहालयाच्या कामावरचा धाकटा गवंडी संध्याकाळी डबा न्यायला घरी आला. कामावर त्याच्या शेजारी बसून मामा कितीदा जेवले होते. धाकट्याचा थोरला भाऊ तीन आठवड्यांपूर्वी त्याच कामावर उंचावरून पडून गेला होता. डबा भरताना वहिनीने एवढंच विचारलं, "भाऊजी, त्यांची भिंत राहील ना?"

भिंत मोठ्या दालनातली, अठरा फूट उंच. अस्तर थोरल्याच्या हातचं. त्यावर काळा चुना चढवून, ओला आहे तोवर दगडाने आरशासारखा घोटायचा. एक जरी तडा दिसला, तर सगळं खरवडून दगडी फरश्या बसवणार, असं इंजिनिअरने बजावलं होतं.

धाकटा आता एकटा. म्हणून भिंतीच्या मधोमध, जोड लपवायला ठेवलेल्या उभ्या खाचेपर्यंत आज, पुढचं उद्या, असं ठरलं होतं. पण हाताची सवय जाते थोडीच? निघताना त्याने दोघांचा चुना कालवून ठेवला होता. परत येतो तर मजुरांनी अख्खी भिंत माखलेली. मुकादम म्हणाला, कालवलंत तेवढं लावलं, वाया घालवू काय? आणि सगळे घरी गेले.

धाकटा घोटत राहिला. एक वाजला. खाच अजून लांब. पलीकडचा चुना वाळायला लागला होता.

सव्वा वाजता पलीकडून आवाज आला. दगडाचा. सर्र... सर्र...

धाकट्याने मान वळवली नाही.

"दादा...?"

आवाज थांबला.

"मग पळाला असेल," एक भाचा हळूच म्हणाला.

"भिंत टाकून?" मामा म्हणाले.

धाकटा घोटता घोटताच बोलला. "थांबू नको."

सर्र...

मग दोघांचे हात. पहाटेपर्यंत. खाचेपाशी आला तेव्हा त्याने डोळे मिटले. गार वारा अंगावरून गेला. बस्स.

सकाळी मुकादम आला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झळकत होती. तडा नाही. शाबासकीला उचललेला त्याचा हात तसाच राहिला.

चाकांची परांची एकच होती. ती रात्रभर खाचेच्या अलीकडेच होती. पलीकडची भिंत मात्र छतापर्यंत घोटलेली. खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर चुन्याचे ओले थेंब...

पाऊल एकही नव्हतं.