खारीच्या वाटीची उंची

झाकण वाजलं की खारी धावत यायची. धावत म्हणजे सोळा वर्षांच्या मांजरीला जमेल तेवढं, शेपटी उभी करून. वाटीत तोंड घालायची, दोन घास खायची आणि मागे सरकायची. मग हातभर अंतरावर बसून वाटीकडे बघत राहायची.

भूक नसेल तर येते कशाला? आणि भूक असेल तर मागे का सरकते?

नऊ वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं पडलं, पण फार उशिरा. तोवर तिने खारीला भरपूर रागावून घेतलं होतं. "नखरे करतेस? राहा मग उपाशी!" असं म्हणून कितीदा तरी वाटी उचलून नेली होती.

मिरजेतल्या बहुतेक घरांत आता असतो तसा त्यांच्याही घरात एक टिपण होता. टिपण म्हणजे चाकांवर फिरणारा, कमरेएवढ्या उंचीचा, घर सांभाळणारा यंत्रमानव. वाटीत उरलेलं अन्न तो रोज तोलायचा, खारीचं वजन करायचा आणि आकडे प्राण्यांच्या दवाखान्याला पाठवायचा. चार किलो आठशे ग्रॅमची खारी आता तीन किलो शंभर ग्रॅमवर आली होती. दवाखान्यातल्या यंत्राने आकडे वाचले, कारणाच्या रकान्यात 'वय' असं लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी अकराची वेळ दिली. शेवटच्या इंजेक्शनची. खारीला तिथे अजून कुणी हातही लावला नव्हता.

"तिचे हाल होऊ नयेत म्हणून गं," आई म्हणाली. तिने संमती कळवून टाकली होती.

"पण तिला झालंय काय?"

"वय झालंय, शालू."

"वय हा काय आजार आहे?"

"मला उशीर होतोय," असं म्हणून आई खारीला ओलांडून बाहेर पडली.

बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरची आत्याआजी डबा परत द्यायला वर आली. ती शाल्मलीच्या बाबांची आत्या. पस्तीस वर्षं तिने नदीवरचे पूल तपासले होते. होडीतून खांबांखाली जायचं, भेगा शोधायच्या आणि साहेबांना न आवडणारे अहवाल लिहायचे, हे तिचं काम. त्यामुळे तिच्या जिभेला धार होती.

"ही जेवायला येते की वाटीचं दर्शन घ्यायला?" तिने खारीकडे बघत विचारलं.

शाल्मलीने सगळं सांगितलं. शुक्रवारचंही.

"वयाने म्हणे!" आत्याआजी फणकारली. "अगं, पूलसुद्धा वयाने पडत नाही. त्यातला एखादा सांधा भार सोसेनासा होतो. तो कुठला हे बघायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून लिहितात 'जुना झाला'. काय काय करून बघितलंत?"

टिपण म्हणाला, "गेल्या महिन्यात अन्न बदललं, वाटी बदलली आणि जागाही बदलली."

"तिन्ही एकाच दिवशी?"

"हो."

"शाब्बास! म्हणजे फरक पडला असता तरी कशाने पडला ते कळलं नसतं. शालू, जमिनीवर पालथी पड. वाटीकडे बघू नकोस, तिच्या पायांकडे बघ."

शाल्मलीने गाल फरशीला टेकवला. खारी आली, वाकली. वाकताच तिने पुढचा उजवा पंजा किंचित उचलला. तो टेकवून डावा उचलला. पुन्हा उजवा. आणि मागे सरकली.

"तिचे पाय भाजताहेत की काय!"

"तसंच काहीसं. आता आमचा वजनकाटा घेऊन ये, आणि तुमचाही."

आत्याआजीने दोन्ही काटे फरशीवर मांडले. शाल्मली रांगत्या बाळासारखी ओणवी झाली, हात एका काट्यावर आणि गुडघे दुसऱ्यावर. हातांखाली अकरा किलो, गुडघ्यांखाली पंधरा.

"आता फरशीवरचं दूध प्यायचंय असं समज आणि खाली वाक."

ती वाकली. हातांखाली चौदा, गुडघ्यांखाली बारा.

"माझं वजन वाढलं?"

"बेरीज कर की."

अकरा आणि पंधरा सव्वीस. चौदा आणि बारा, तेही सव्वीस. वजन तेवढंच होतं. फक्त ते सरकून पुढे आलं होतं.

"प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं, तो बिंदू)," आत्याआजी म्हणाली. "डोकं खाली आणि पुढे गेलं की तोही पुढे सरकतो. मग पुढच्या पायांना जास्त ओझं उचलावं लागतं. तरुण मांजराला ते कळतही नाही. पण कोपराच्या सांध्यातली कूर्चा (हाडावर हाड घासू नये म्हणून असलेली गुळगुळीत गादी) झिजली असेल, तर प्रत्येक घासाला कळ येणार."

"मग ती ओरडत का नाही?"

"मांजरं दुखणं लपवतात. रानात दुबळं दिसणाऱ्याला कुणीतरी खाऊन टाकतं ना! घरातही ती सवय सुटत नाही."

टिपणचा दिवा लुकलुकला. "दुकानात उंच वाट्या मिळतात. सर्वांत जास्त खपणारी वीस सेंटीमीटर उंच आहे. मागवू?"

"खपणारी उंची घेऊन मांजराने काय करायचं? आधी तिला विचारू. आणि या वेळी बदलायची एकच गोष्ट."

अन्न तेच, वाटी तीच, कोपरा तोच. वाटीखाली फक्त न्हाणीघरातल्या उरलेल्या फरश्या रचायच्या, प्रत्येकी एक सेंटीमीटर जाडीच्या. पाच फरश्यांवर खारीने निम्मं खाल्लं. संध्याकाळी दहा फरश्यांवर वाटी चाटून पुसून साफ केली. गुरुवारी सकाळी पंधरा रचल्या, तर तिला मान वर ताणावी लागली, घास बाहेर सांडले आणि ती ठसकली.

"म्हणजे जास्त उंचही वाईट," शाल्मली म्हणाली. तिने पट्टी आणली. उभ्या खारीच्या छातीची खालची कड जमिनीपासून अकरा सेंटीमीटरवर होती. वाटी त्या कडेच्या जरा खालीच हवी होती, म्हणजे मान ना वाकवावी लागे, ना ताणावी.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा दहा फरश्या रचल्या. एकदा जमलं ते योगायोगानेही जमलेलं असू शकतं, असं आत्याआजीचं म्हणणं. खारीने मान न वळवता, श्वासही न घेतल्यासारखं सगळं संपवलं आणि रिकामी वाटी चाटत राहिली.

आत्याआजीने टाळी वाजवली. शाल्मलीने वाजवली नाही.

"टिपण, ती किती दिवस उपाशी होती?"

"पोट भरण्याइतकं अन्न तिने एकशे बारा दिवस खाल्लेलं नाही. माझी नोंद अचूक आहे."

"अचूक आहे रे बाबा," आत्याआजी म्हणाली. "वाटीत किती उरलं ते तू तोललंस. का उरलं, हे तुला कुणी विचारलंच नाही."

आई दारात उभी होती. कधी आली, कुणाला कळलं नव्हतं.

"आत्या, ही... ही खातेय."

"खातेय. तुम्ही उद्या कायमची झोपवणार होतात, तीच."

आई पर्ससकट खाली बसली. "मी रोज तिला ओलांडून जात होते," ती म्हणाली. तिची समजूत घालायला कुणी पुढे आलं नाही. शाल्मलीही नाही. उचलून नेलेल्या वाट्या तिला एकेक करून आठवत होत्या.

शुक्रवारची अकराची वेळ आईने तशीच ठेवली, फक्त काम बदललं. डॉक्टर शबाना मुल्लांनी खारीला टेबलावर घेऊन पुढचा पाय हळूच दुमडला. खारीने पाय ओढून घेतला.

"दोन्ही कोपरांत संधिवात आहे. औषधाने दुखणं कमी होईल," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "मी तिला आधीच बोलवायला हवं होतं. आकडे बघून मलाही वाटलं, वयच असेल."

"ती पुन्हा पहिल्यासारखी होईल?" शाल्मलीने विचारलं.

"नाही, बेटा. उपासात तिचे स्नायू फार झिजले. ते सगळे भरून येणार नाहीत. वर्ष मिळेल, फार तर दीड."

घरी आल्यावर शाल्मलीने टिपणला एक नवा प्रश्न लिहून दिला: 'प्राणी वाटीपर्यंत येऊन परत फिरतो का?' उत्तर 'हो' असेल, तर कारणाच्या रकान्यात 'वय' लिहायला बंदी. आधी त्या प्राण्याला हात लावून तपासायचं. आईने परवानगी दिली, डॉक्टर मुल्लांनी नियम मान्य केला आणि दवाखान्यातून तो प्रश्न मिरजेतल्या सगळ्या टिपणांकडे गेला.

रविवारी सकाळी टिपण म्हणाला, "दोनशे बारा घरांतून 'हो' आलं आहे."

शाल्मलीने विचारलं, "आणि ज्यांच्यापुढे 'वय' लिहून नोंद बंद झाली, ती मांजरं?"

"मागच्या वर्षी सहाशे चाळीस."

"त्यातली किती वाटीपर्यंत येत होती?"

"सांगता येणार नाही. तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता."

वर आलेल्या आत्याआजीने कपाटातून मोजायची टेप काढून शाल्मलीच्या हातात ठेवली आणि पायात चपला सरकवल्या.

"टिपण," शाल्मली उठत म्हणाली, "त्या दोनशे बारांतलं सर्वांत जवळचं घर कुठलं?"