बॉयलरच्या खोलीतले ठोके

हे माझ्याच बाबतीत घडलंय, कुणाकडून ऐकलेलं नाही. पटो न पटो, यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

जानेवारी २०१३. गुरुवार, तेव्हा तिथं सुट्टीचा दिवस. सौदीतलं तबुक शहर.

मी रफीक, दापोलीकडचा. पाइप फिटर. तबुकला हिवाळ्यात बोटं वाकत नाहीत इतकी थंडी पडते, पण गावी सांगितलं तर लोक हसतात. माझी बहीण शरीफाआपा आणि तिचा नवरा नदीमभाई तिथं एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. भिंतीला जाडजूड लोखंडी रेडिएटर होता. खालच्या बॉयलरचं गरम पाणी त्यात फिरायचं, खोली उबदार राहायची.

आता तो गाळानं तुंबून थंडगार पडला होता. काढून नवा बसवायचा होता.

या कामात एक माणूस खाली लागतो, एक वर. हाक ऐकू जात नाही, म्हणून पाइपावर पाना ठोकायचा. दोन ठोके... पाणी बंद केलं, नट खोल. एक ठोका... थांब.

माझा जोडीदार हनीफ निताकतमध्ये गावी गेला होता. सौदी माणसं भरायची म्हणून कंपनीनं आमच्यातली निम्मी परत पाठवली होती. म्हणून इशारे नदीमभाईंना शिकवले.

दहा वाजता ते बॉयलरच्या खोलीची किल्ली घेऊन खाली गेले. बॉयलर रात्रीच बंद केला होता. नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा होता.

मी नटाला पाना लावला. मागे चार वर्षांची लाइबा खेळत होती.

टक्...

एकच. मी थांबलो.

पाच मिनिटं गेली.

टक्...

पुन्हा एकच. नदीमभाई दोन विसरले असतील, असं वाटलं. मी पान्यावर जोर दिला.

टक्... टक्... टक्...

एकेक, थांबून थांबून. पाइप हाताखाली थरथरत होता.

ओरडायला म्हणून खिडकीत गेलो.

नदीमभाई रस्त्यावर होते. नवा रेडिएटर घेऊन पिकअप आली होती. ते आणि ड्रायव्हर तो उतरवत होते. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले...

आणि माझ्या पाठीमागे पाइप वाजतच होता.

मी धावत खाली गेलो. "नदीमभाई, खाली कोण आहे?"

"कोण असणार? मी अजून कुलूपच उघडलं नाही."

कुलूप बाहेरून होतं. उघडलं. आत कुणी नव्हतं.

पण बॉयलर चालू होता. काटा लाल पट्टीत.

नदीमभाईंचा चेहरा उतरला. "रात्री मी दुसरंच बटण बंद केलं, रफीक."

नट सुटला असता तर उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं. आणि लाइबावर.

बॉयलर बंद केला. दुपारच्या असरच्या नमाजपर्यंत सगळं निवू दिलं. मग पाणी काढलं, रेडिएटर गोधडीवर आडवा घेतला आणि दोघांनी एकेक पायरी करत खाली नेला. नवा बसवला. बॉयलर चालू करून पाइपात अडकलेली हवा काढली. तो हळूहळू तापला.

मी सवयीनं पाइपावर तीन ठोके दिले. काम संपलं की हनीफला असाच इशारा करायचो. झालं, वर ये.

नदीमभाई माझ्या शेजारीच उभे होते.

खालून उत्तर आलं...

टक्. टक्. टक्.

मग जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, दमलेल्या माणसासारखी. दारापर्यंत आली.

आणि थांबली.

शरीफाआपानं लाइबाला उचललं. दार कुणी उघडलं नाही. बऱ्याच वेळानं नदीमभाईंनी पाहिलं. जिना रिकामा होता.

एप्रिलमध्ये माझाही इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, खलास झाला. निघताना नदीमभाईंना फोन केला. ते हळू आवाजात बोलत होते.

"रफीक, त्याला परत खाली पाठवायचं असेल तर किती ठोके?"

 आमच्या कामात तसा इशाराच नाही.