गुरुवारी न आलेली डुलकी

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवरचा फोन खणखणला आणि सोपानराव धावत सुटले. हवालदारकीतून निवृत्त होऊन सिक्युरिटीत आले त्याला तीन वर्षं झाली, पण स्वस्थ बसणं काही त्यांना जमलं नव्हतं.

गोदामात फोर्कलिफ्टचे दोन्ही लोखंडी दात रॅकमध्ये घुसले होते. तिथून वीतभर अंतरावर हेल्पर समाधान भिंतीला चिकटून उभा. त्याचा पाय थोडक्यात वाचला होता. ड्रायव्हर नवनाथ सीटवर डोळे चोळत बसला होता.

तोंडाला लावायच्या मीटरने शून्य दाखवलं.

"दारू नाही, म्हणजे ड्यूटीवर झोपला," मॅनेजर हर्षाली मॅडम म्हणाल्या. "उद्या दुपारी रिपोर्ट द्या. पुढच्या महिन्यात पर्मनंट होणार होता. आता घरी जाईल."

सहा वर्षं कंत्राटावर राबलेला माणूस एका डुलकीपायी घरी जाणार, हे सोपानरावांच्या पचनी पडेना.

"गोळी-बिळी काय घेतलीस?" त्यांनी नवनाथला विचारलं.

"नाही साहेब. गाडीवर बसण्याआधी रोज तसं लिहून सही करतो. झोपेची, खोकल्याची, कसलीच गोळी घेतली नाही म्हणून."

"खोटी सही केली असशील तर?"

"पोरीची शपथ." नवनाथची जीभ टाळूला चिकटत होती. त्याने पाण्याची बाटली एका दमात संपवली आणि दुसरी मागितली.

"झोप व्हते का?"

"रात्री एकला घरी पोचतो. सातला पोरीच्या शाळेसाठी उठतो, चहा घेतो, परत आडवा होतो. बाराला बायको हलवून उठवते तेव्हा कुठं शुद्ध येते."

सुपरवायझरच्या वहीत मागच्या सोमवारपासून, म्हणजे सेकंड शिफ्ट लागल्यापासून, रोज एकच शेरा होता: नवनाथ पेंगत होता. फक्त कालचा गुरुवार कोरा.

गुरुवारी समाधानची सुट्टी असते. साडेतीनचा चहा समाधानच आणतो. फोर्कलिफ्टचं लायसन्स त्याच्याकडेही आहे, आणि नवनाथच्या जागेवर त्याचा डोळा आहे हे अख्ख्या गोदामाला ठाऊक.

"चहात काय घातलंस भावा?"

"काका, मी जागा मागितली, कुणाचा जीव नाही. गुंगीचं घातलं असतं तर त्याच्याच गाडीपुढं उभा राहिलो असतो का?"

सोपानरावांनी वही परत उघडली. त्याआधीच्या गुरुवारीही समाधान सुट्टीवर होता, तरी नवनाथ पेंगला होता. म्हणजे चहा पाजणारा कुणी वेगळाच. रात्रभर त्यांचाच डोळा लागला नाही.

शनिवारी सकाळी नऊला ते चिखलीत नवनाथच्या दारात होते. भिंतीला लागून पत्रा ठोकायची शेड. आवाजाने कप हलत होते, आणि आत नवनाथ ढाराढूर झोपलेला.

"रोज असंच?" त्यांनी ओरडून विचारलं.

"गुरुवारी बंद असतं," नवनाथची बायको स्वप्नाली म्हणाली. "मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी तेवढं अर्जंट ऑर्डरसाठी चालू होतं."

"घरात सर्दी कुणाला झालीय?" ओट्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"कुणाला नाही. का?"

ओट्यावर आलं ठेचायचा खलबत्ता होता. त्याच्या कडेला पांढरी भुकटी, आणि कचऱ्याच्या डब्यात सर्दीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. सोपानरावांनी एक पाकीट खिशात घातलं. "दुपारी तुम्ही दोघं कंपनीत या," एवढंच ते बोलले.

दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये नवनाथ, स्वप्नाली आणि समाधान येऊन बसले. सोपानराव येरझाऱ्या घालत होते.

"समाधानचा यात हात न्हाई. शेड चालू असेल त्या दिवशी नवनाथ पेंगतो. शेड बंद, तर परवाच्या गुरुवारसारखा टवटवीत. सकाळच्या चहात त्याला कुणीतरी सर्दीची गोळी देतंय, ठोकाठोकीत झोप लागावी म्हणून. आपल्या कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं मी. या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते. चार दिवस झोप लागते, मग अंगाला सवय व्हते आणि माणूस गोळ्या वाढवतो. गुंगी मात्र दुपारपर्यंत उतरत न्हाई."

नवनाथ ताडकन उठला. त्याने बायकोकडे पाहिलंही नाही. "मीच घेतल्या साहेब."

"मग अकरा सह्या खोट्या," मॅडम म्हणाल्या. "नोकरी गेली."

"ह्यांना काहीच माहीत नव्हतं," स्वप्नाली म्हणाली. "मीच घालत होते. आधी एक, मग दोन, कालपासून तीन. मेडिकलवाला चिठ्ठीसुद्धा मागत नाही, मला वाटलं साधी गोळी आहे. दहा मिनिटंसुद्धा डोळा लागत नव्हता ह्यांचा."

"मला का नाही सांगितलंस?" नवनाथने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती. सही नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर पर्मनंट नाही." मग ती समाधानकडे वळली. "भाऊ, तुमचा पाय गेला असता. माझ्यामुळं."

मॅडमनी रिपोर्टवर शेरा लिहिला. "महिनाभर फोर्कलिफ्ट नाही, पॅकिंगला. पर्मनंटचं सहा महिन्यांनी बघू. नोकरी राहील. पण त्या आवाजात हा झोपणार कसा?"

स्वप्नालीने मान खाली घातली.

समाधानने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "काळेवाडीत खोली आहे माझी. शेजारी शेड नाही. सेकंड शिफ्ट असेल तेव्हा नवनाथभाऊ तिथं झोपतील." मग स्वप्नालीकडे बघून हळूच म्हणाला, "चहा मात्र माझ्या हातचा प्यायचा, वहिनी."

स्वप्नालीला रडू फुटलं. नवनाथने किल्ली उचलली.