बाविसावी खुर्ची

खोलीत बावीस खुर्च्या होत्या.

प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली चिकटपट्टीने लावलेला एक सेन्सर. तापमान मोजणारा. म्हणजे सेन्सरही बावीस.

माणसं मात्र एकवीस.

नीलिमाने दोनदा मोजलं होतं.

पुढचं सगळं खरं घडलेलं आहे. ऐकून कुणी हसलं तर नीलिमा वाद घालत नाही. आकडे मात्र ती कुणाला बदलू देत नाही.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार. हैदराबादला, विद्यानगरच्या एका कॉलेजात, मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं संमेलन भरलं होतं. दुपारी तीन वाजता तळमजल्यावरच्या लॅबमध्ये नीलिमाचं सत्र होतं. विषय ‘तापनोंद’.

तापनोंद म्हणजे लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर. फ्रिज गरम झाला की अलार्म वाजतो. फुकट, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. चारशेच्या वर छोटे दवाखाने ते वापरत होते. लिहिणारे दोघंच. नीलिमा आणि गौतम.

नियम गौतमने घातला होता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून हिरवी खूण केल्याशिवाय मूळ कोडमध्ये जाणार नाही. चूक सापडली तर लाल खूण. लाल खुणेखाली गौतम फक्त ओळीचा नंबर लिहायचा. चूक काय आहे, ते नीलिमाने शोधायचं.

त्याआधीच्या नोव्हेंबरात गौतमला डेंग्यू झाला. आपला तापही तो सेल्सिअसमध्ये सांगायचा, नर्स वैतागायची. त्याचा नीलिमाला आलेला शेवटचा मेसेज असा होता: ‘४०.१. आता तरी आपला अलार्म वाजायला हवा.’

दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याचा पासवर्ड नीलिमाकडे होता. ‘काही अडलं तर बघ,’ म्हणून त्यानेच दिलेला.

मग अडायला लागलं. दुसरं वाचणारं कुणी नव्हतं आणि दवाखान्यांचे फोन येत होते. नीलिमाने स्वतःच्या नावाने बदल लिहिला, गौतमच्या नावाने आत शिरली आणि हिरवी खूण केली.

एकदा केलं. मग आठ महिन्यांत एकूण अकरा वेळा.

त्या शनिवारी सकाळी बारावी.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिने सहज पडद्यावर पाहिलं, आणि…

खूण लाल होती.

खाली लिहिलेलं: ‘ओळ २१४.’

आपलंच बोट चुकलं असेल, असं तिने ठरवलं. खूण परत हिरवी केली. शंका नको म्हणून पासवर्डही बदलला. नवा पासवर्ड जगात फक्त तिला माहीत होता.

दोन बावन्नला पुन्हा पाहिलं…

लाल. ओळ २१४.

“काय ग, तोंड का असं?” दारातून रेणूने विचारलं. संमेलन भरवणाऱ्यांतली ती, सुलतान बाजारात वाढलेली. “चल ना, लोकं बसून राहिलेत. समोसे आले की तुझं ऐकायला कुणी थांबायचं नाही, सांगून ठेवते.”

ओळ २१४ उघडून बघायला वेळ नव्हता. निदान नीलिमाने स्वतःला तसं सांगितलं.

तिने खूण तिसऱ्यांदा हिरवी केली आणि नवा कोड सुरू केला.

भिंतीवर बावीस चौकोन उमटले. एका खुर्चीला एक. माणसाच्या अंगाने खुर्ची तापते, तसा आकडा वर चढतो. अलार्मची मर्यादा तिने पस्तीस ठेवली होती. खोलीचं तापमान होतं २४.५.

दहा मिनिटांत एकवीस चौकोन एकतीस-बत्तीसवर जाऊन थांबले.

बाविसावा २४.५ वरच होता. शेवटच्या रांगेतली, भिंतीकडची खुर्ची. रिकामी.

नीलिमा बोलत राहिली.

मग…

२६.

२९.८.

कुणी हललं नव्हतं. खुर्ची तशीच रिकामी दिसत होती.

३४.

“मॅडम, बावीस नंबरवाले कोण आहेत?” पहिल्या रांगेतल्या श्रीकांतने विचारलं. “डॉक्टरकडे न्या त्यांना.”

सगळे हसले. नीलिमाही हसली.

३८.२.

तेवढ्यात लॅबचे जुने शिपाई हणमंतराव चहाचा ट्रे घेऊन मागून पुढे आले. ट्रेमध्ये एक कप शिल्लक होता.

“मागच्या साहेबांनी चहा नक्को म्हणले, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “ताप हाय म्हणले अंगात. पाणी आणू का इचारलं, तर बोलेनाच गेले.”

नीलिमाने मागच्या रांगेकडे पाहिलं नाही.

पडद्यावर पाहिलं.

४०.१.

आकडा तिथेच थांबला.

“पण मॅडम,” श्रीकांत आता हसत नव्हता, “पस्तीसला अलार्म वाजणार होता ना? वाजला कुठे?”

नीलिमाने सगळ्यांसमोर ओळ २१४ उघडली. तिनेच लिहिलेली. खोट्या अलार्मच्या तक्रारी येत होत्या, त्यावरचा उपाय. तापमान फार वेगाने चढलं, तर सेन्सर बिघडला असं धर आणि ते आकडे सोडून दे.

एप्रिलच्या दुपारी लसींच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं, तर आतलं तापमान असंच वेगाने चढतं.

अलार्म वाजला नसता. लसी खराब झाल्या असत्या, आणि त्याच मुलांना टोचल्या गेल्या असत्या.

तिने ओळ काढून टाकली. कोड पुन्हा सुरू केला.

अलार्म वाजायला लागला. वाजतच राहिला. शेवटी तिला स्पीकरची वायर उपटावी लागली.

“हा बदल मी मागे घेते,” ती म्हणाली. “आणि अजून एक. नोव्हेंबरनंतर गौतमच्या नावाने झालेल्या सगळ्या हिरव्या खुणा माझ्या आहेत. त्याने हे काहीच वाचलेलं नाही.”

गौतम गेल्याचं तिथे सगळ्यांना माहीत होतं. खुणांच्या तारखा कुणी पाहिल्या नव्हत्या.

“आधीचे अकरा बदल दवाखान्यांत चालू आहेत ना ग?” रेणूने विचारलं.

“हो.”

“अन् कुणीच वाचलेले नाहीत?”

“मी वाचलेत.”

“तू लिहिलेस ग. त्याला वाचणं म्हणत नाहीत.”

समोसे आले. कुणी उठलं नाही. रेणूने तिथेच लॅपटॉप उघडला आणि पहिल्या बदलापासून वाचायला घेतलं. दुसरा श्रीकांतने घेतला. सहाव्यात एक चूक निघाली. मार्चपासून ती चारशे दवाखान्यांत चालू होती.

साडेपाचला खोली रिकामी झाली. रेणू बाहेर दवाखान्यांना फोन लावत होती. हणमंतराव खुर्च्या एकावर एक रचत होते. एकवीस रचल्या. बाविसावीला त्यांनी हात लावला नाही.

“साहेब उठले की घेतो,” म्हणाले, आणि निघून गेले.

नीलिमा त्या खुर्चीपाशी गेली. बैठकीवर हात ठेवला. प्लास्टिक गार होतं.

तिने खालचा सेन्सर काढून टेबलावर ठेवला. पाच मिनिटं थांबली. २४.५.

परत खुर्चीला लावला. पुन्हा पाच मिनिटं.

मग दुसरा सेन्सर घेतला. मग तिसरा. प्रत्येक वेळी तसंच, आधी टेबल, मग खुर्ची.

टेबलावर: २४.५, २४.५, २४.५.

खुर्चीवर: ४०.१, ४०.१, ४०.१.