हवेच्या गावातला धूर

नोव्हेंबरातल्या एका ओल्याकिच्च दुपारी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, याच्या कोटाखाली तान्हं मूल आहे. स्वतः नखशिखान्त भिजलेला, आणि छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं...

“अहो, आधी आत या! बाळ गारठेल,” मी म्हणाले.

“बाळ नाही—” तो ओशाळून हसला. “तुमच्या गावाची हवा मोजायचं यंत्र आहे.”

सगळं गाव ज्याची धास्ती घेऊन बसलं होतं, तो माणूस हा! त्याचे डोळे इतके करडे असतील, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरातलं आमचं ग्रुंडेनटाल एके काळी चांदीवर जगायचं. चांदी संपली, खाण बुजली, तेव्हा आजोबांच्या पिढीनं शहाणपणा केला आणि हवा विकायला काढली. शहरातले छातीचे रोगी यायचे, बाकावर बसून श्वास घ्यायचे आणि त्यावर आमच्या चुली पेटायच्या. पुढे देश दुभंगला, पलीकडच्या डोंगरावर सरहद्दीचं तारेचं कुंपण आलं, तिकडचे पाहुणे तुटले. आता उरली होती ती वेशीवरची ‘आरोग्यदायी हवेचं गाव’ ही पाटी. मोजणीत हवा खराब निघाली की ती जाणार, आणि ती गेली की आईचं गेस्टहाउसही गेलंच. आणि हिवाळ्यात दरीत धुकं बसलं की कोळशाचा धूर वर जायचं नाव घेत नाही. म्हणून नगराध्यक्षांनी ठरवून टाकलं, मोजणी संपेपर्यंत एकाही घरात शेगडी पेटवायची नाही आणि पाहुण्याला याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

“तुमच्याकडे शेगडी लावत नाहीत?” हेनिंग लाम्पे— हे त्याचं नाव— दुसऱ्याच दिवशी विचारता झाला.

“आम्हा डोंगरी माणसांना थंडी वाजत नाही.”

“मग तुमचं नाक का लाल आहे, फ्राउलाइन अनेग्रेट?”

“ते... जन्मापासूनच आहे.”

“काल नव्हतं.”

“काल तुम्ही माझ्या नाकाकडे इतकं बघत नव्हता!”

तो बघतच राहिला. मग मीच बटाट्याच्या सुपात डोकं घातलं.

धुकं काही हटेना. देवदारांवरून पाणी टपटपत राही, दिवस उजाडल्यासारखा वाटायच्या आत मावळून जाई. तो छपरावर यंत्राशी खटपट करी, मी खालून शिडी धरून उभी राही. “सोडू नका हं,” तो वरून म्हणायचा. “विचार करते,” मी म्हणायची. खाली उतरला की माझ्या हातांवर त्याचे बर्फासारखे हात क्षणभर टेकायचे. चुकून. रोज चुकून!

मग त्याला खोकला धरला. एका सकाळी त्याची बोटं निळी पडली होती, चमचा धरवेना, आणि तरी हा वेडा हसून म्हणाला, “डोंगरी व्हायला मला वेळ लागेल.” माझा जीव गलबलला. मी त्याच्या खोलीत गेले, कोपऱ्यातल्या, फरश्यांनी मढवलेल्या उंच शेगडीत लाकडं रचली, कोळसा घातला आणि काडी ओढली. आपण काय करतोय ते मला चांगलं कळत होतं.

थोड्याच वेळात शेजारच्या क्नोबलोखबाई दारात. “अगं ए, घरभेदी! आम्ही म्हातारी माणसं गारठून मरतोय आणि तुझ्या धुराड्यातून धूर? त्या परक्या पोराच्या नादी लागून गाव बुडवतेस?”

हेनिंग जिन्यावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

“म्हणजे अख्खं गाव माझ्यासाठी कुडकुडत बसलंय?” बाई गेल्यावर त्यानं हळूच विचारलं.

“तुमच्यासाठी नाही. पाटीसाठी.” मला रडू फुटलं. “आजचा एक दिवस मोजणीतून सोडून द्या ना...”

“आजचा एकच दिवस खरा आहे, अनेग्रेट.” तो जिना उतरून खाली आला. “आता दोनच वाटा. गावानं फसवलं असं कळवायचं, मग पाटी जाईल. नाहीतर घरमालकिणीच्या मुलीवर जीव जडलाय, मी मोजायच्या लायकीचा उरलो नाही, असं कळवायचं. मग हे सगळं रद्द होईल, दुसरा माणूस पहिल्यापासून मोजेल.”

“आणि... त्यातलं खरं काय?”

“दोन्ही. पण मी दुसरंच सांगणार आहे.”

“नोकरी जाईल तुमची!”

“बहुतेक. आणि त्याची मोजणी संपेपर्यंत मला या गावात पाऊल टाकता येणार नाही. वर्ष जाईल, कदाचित जास्तच... थांबशील?”

मी त्याचे हात माझ्या हातात घेतले. या वेळी चुकून नाही.

त्यानं तसं कळवून टाकलं. मोजणी बुडालीच होती, म्हणून त्याचा खोकला ओसरेपर्यंत शेगडी पेटती ठेवली. मग तो बसनं खाली गेला. पहिल्या वळणावरच धुक्यानं बस गिळली. स्टॉपवर कुणी माझ्याशी बोललं नाही.

दुपारी नगराध्यक्ष सांगून गेले, नवा माणूस उद्या येतोय, शेगड्या पुन्हा बंद.

मी हेनिंगच्या खोलीत गेले आणि शेगडीला पाठ टेकून बसले. तिच्या फरश्या अजून कोमट होत्या. बाजूला लाकडं होती, काड्यापेटीही होती. मी हात लावला नाही. अंधारून आलं तेव्हा पाठीमागे थोडी ऊब उरली होती, आणि ती पुरी निवेपर्यंत मी तिथून उठले नाही.